हाताने भरलेल्या बाराची पारख

बंदुकीचा नेम चुकला म्हणजे दोष बहुधा हाताला दिला जातो, फार तर डोळ्याला. बाराकडे बोट दाखविणारा माणूस क्वचितच आढळतो. वस्तुतः नळीतून सुटलेली गोळी कोठे जाणार, याचा बराचसा निकाल बंदूक खांद्याला लागण्यापूर्वीच लागलेला असतो. दारू किती मापाची घातली, गोळी केवढ्या वजनाची ओतली, तिच्याभोवतीची चिंधी सैल होती की घट्ट, गज किती जोराने ठासला, या साऱ्या गोष्टी आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात ठरून गेलेल्या असतात. सकाळी रानात जे घडते ते केवळ त्या हिशेबाची बेरीज असते.

मोठ्या श्वापदांच्या शिकारीच्या रायफलीसाठी हाताने भरलेला बार आणि तो भरवशाचा आहे की नाही हे ठरविण्याची रीत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कित्येकांना तो जुनापुराणा वाटेल. आपल्या देशात १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने त्यातील शिकारपरवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि हे योग्यच झाले. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करण्यास मुळातच मनाई आहे. तेव्हा श्रोत्यांनी घरी बसून बार भरावेत, असा या भाषणाचा हेतू मुळीच नाही. परंतु या विद्येच्या पोटी एक शिस्त जन्माला आली. ती शिस्त आजही उपयोगी आहे, आणि ती घडविणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा माणूस आपल्या बुऱ्हाणपूरच्या मुलखात सरकारी चाकरीवर होता, ही गोष्ट इकडच्या लोकांनाही फारशी ठाऊक नाही.

बुऱ्हाणपूर आणि शिकार यांचा संबंध तसा जुना आहे. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, त्या रांगेच्या तोंडाशी असीरगड, आणि पूर्वेस मेळघाटाकडे पसरत गेलेले सागाचे रान, अशा जागी हे नगर वसलेले आहे. तापीपलीकडे जैनाबादला मोगलांचा आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. १६३१ साली मुमताजमहल बुऱ्हाणपुरास वारली, तेव्हा तिचा देह आग्र्यास नेईपर्यंत याच बागेत ठेवला होता. म्हणून आज लोक ती जागा पाहावयास जातात. पण तिचे नावच सांगते की, तेथे मुळात राजघराण्याच्या मृगयेची सोय होती.

त्याहून मागे गेले तर अकबर भेटतो. १६०१ च्या जानेवारीत असीरगड त्याच्या हाती आला. त्या मोहिमेत खानदेशात वावरणारा अबुल फजल हाच ‘आईन-इ-अकबरी’चा कर्ता. त्या ग्रंथात बंदुकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, लोखंड कोठले, कारागीर कोण, बंदूक कोठे व केव्हा झाली, हे कोरलेले असे. बादशहाच्या आवडत्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने मारलेल्या जनावरांची संख्याही तेथे १०१९ अशी नोंदविलेली आहे. हा आकडा वाचून आज कोणास कौतुक वाटणार नाही. तथापि एका हत्याराची जन्मकथा व त्याची कामगिरी टिपून ठेवण्याची बुद्धी त्यात दिसते, आणि पारखीचा आरंभ टिपणापासूनच होत असतो.

आता मुख्य माणसाकडे वळू. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. १८६०-६१ च्या सुमारास बुऱ्हाणपूरचा प्रदेश शिंद्यांकडून इंग्रजांकडे आला आणि निमाड जिल्ह्यात सामील झाला. त्या जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम पुढे फॉर्सिथकडे आले, आणि तेथील डेप्युटी कमिशनरच्या जागेवरही त्याने काम केले. १८६२ साली पचमढीच्या पठारावर बायसन लॉज नावाचा बंगला बांधणारा गृहस्थ तो हाच. सातपुड्यातील अरण्ये, गोंड-कोरकू लोक आणि रानटी जनावरे यांवरील त्याचा मोठा इंग्रजी ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. पण तो छापून बाहेर पडला तेव्हा कर्ता हयात नव्हता. वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास त्याचा अंत झाला. या ग्रंथाचा बोलबाला झाला, त्यामुळे त्याचे आधीचे लहानसे पुस्तक मागे पडले. ते पुस्तक शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयाला वाहिलेले आहे.

ते ज्या काळात लिहिले गेले त्या काळात तयार काडतूस जवळजवळ नव्हतेच. बंदूक ठासणीची, तोंडाकडून दारू ओतावयाची, तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गोळी बसवून गजाने खाली ढकलावयाची, आणि मागे निपलवर टोपी चढवावयाची. म्हणजे प्रत्येक बार हा हाताने भरलेलाच असे. कारखान्याने हमी द्यावी आणि गिऱ्हाइकाने डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही सोय नव्हती. जो भरणार तोच जबाबदार.

फॉर्सिथपुढील प्रश्न असा होता. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळते. पेच जितका जलद, तितकी गोळी अधिक फिरते. पण दारू वाढविली की एक अडचण उभी राहते. मऊ शिशाची गोल गोळी एवढ्या जोराने ढकलली जाते की ती पेच धरीतच नाही. खाचांवरून सरळ घसरत बाहेर पडते, आणि मग तिला ना फिरकी ना दिशा. १८३७ च्या ब्रन्सविक रायफलीत तीस इंचांत एक पूर्ण वेढा होता. अशा जलद पेचाच्या नळीत दारू बेताचीच घालावी लागे, गोळी मंद जाई, आणि मंद गोळी लवकर खाली येई.

खाली येणे म्हणजे किती, हे नीट समजावून घेतले पाहिजे. सुटलेल्या क्षणापासून गोळी जमिनीकडे ओढली जात असते. निशाणापर्यंत पोचावयास तिला एक पंचमांश सेकंद लागला, तर तेवढ्यात ती सुमारे २० सेंटिमीटर खाली येते. ०.३ सेकंद लागला तर ४४ सेंटिमीटर. वेळ दीडपट, पण पडझड दुपटीहून अधिक. मोकळ्या मैदानात अंतर मोजता येते, माशी वरखाली करता येते. सागाच्या रानात, उन्हाच्या कवडशांत, उंच वाळल्या गवतातून दिसणारे सांबर ऐंशी पावलांवर आहे की एकशेवीस, हे अनुभवी डोळ्यालाही नेमके सांगता येत नाही. म्हणून फॉर्सिथचे म्हणणे असे की, शिकारी रायफल अशी हवी की जवळच्या व मध्यम अंतरापर्यंत अंतराचा विचारच करावा लागू नये. गोळी जवळजवळ सरळ गेली पाहिजे.

त्यासाठी त्याने पेचच सैल केला. गोळ्यांचे माप तेव्हा पौंडाला किती गोळ्या यावरून सांगत. पौंडाला १४ गोळ्या, म्हणजे एक गोळी सुमारे बत्तीस ग्रॅमची, अशा नळीसाठी त्याने १०४ इंचांत एक वेढा ठरविला. त्याच काळच्या एन्फिल्ड लष्करी बंदुकीत ७८ इंचांत एक वेढा असे. फॉर्सिथच्या सव्वीस इंची नळीत गोळी जेमतेम पाव वेढा फिरून बाहेर पडे. गोल गोळीला तेवढी फिरकी पुरते, कारण तिला लांब गोळीप्रमाणे आडवे कोलमडण्याचे भय नसते. आणि पेच सैल असल्यामुळे पाच ड्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम, काळी दारू घातली तरी गोळी खाचा सोडीत नसे. दीडशे यार्डांच्या आतील कामासाठी हे हत्यार उत्कृष्ट ठरले. त्यापलीकडे मात्र गोल गोळी हवेच्या विरोधाने लवकर वेग गमावते, हा तिचा स्वभावच आहे.

परंतु नळी कितीही चांगली असो, बार जर एकसारखा नसेल तर तिचा उपयोग नाही. बाराची पारख म्हणजे मुख्यतः एकसारखेपणाची पारख होय. काळी दारू म्हणजे साधारणतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. तिचे दाणे बारीक असले तर ती झटकन पेटते, जाड असले तर सावकाश. पावसाळ्यात ओल धरलेली दारू आणि चैत्रात कोरडी झालेली दारू यांचा जोर सारखा नसतो. गोळी ओतताना साचा थंड असला तर शिशात सुरकुत्या पडतात, कधी आत पोकळी राहते. बाहेरून दोन्ही गोळ्या सारख्या दिसतात, म्हणून प्रत्येक गोळी काट्यावर तोलून हलकी निघेल ती पुन्हा वितळवावी लागते. कापडाच्या चकतीचे तर विशेष. एक चकती जाड आणि दुसरी विरळ असली की एक गोळी घट्ट बसते व दुसरी सैल. सुताचा नंबर आणि विणीचा घट्टपणा म्हणजे काय, हे बुऱ्हाणपूरसारख्या मागांच्या गावात निराळे सांगावयास नको.

ठासण्याचेही तसेच. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नेमाचे सोडाच, नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. म्हणून जाणता माणूस गजावर खूण करून ठेवी. गोळी ठिकाणावर बसली की खूण नेमकी नळीच्या तोंडाशी यावयाची. शेवटी काजळी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे उरतो. थंड व दमट हवेत ही काजळी मऊ राहते. निमाडच्या वैशाखात ती नळीत कडक पापडीसारखी धरते, आणि तिसरी-चौथी गोळी पहिलीच्या वाटेने जात नाही.

आता प्रत्यक्ष कसोटी. मातीच्या बांधासमोर पन्नास व शंभर पावलांवर कागद लावावा, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी आणि गोळ्या झाडाव्यात, इतके कोणालाही सुचते. खरी बुद्धी पुढे लागते. कागदावरच्या भोकांतून दोन निरनिराळ्या गोष्टी वाचावयाच्या असतात. सगळी भोके एका जागी दाट पडली, पण मध्यापासून चार बोटे डावीकडे, तर बार उत्तम आहे. माशी सरकवली की काम झाले. उलट भोके मध्याच्या चहूबाजूंना विखुरली, तर त्यांची सरासरी अगदी मधोमध येत असली तरी बार वाईट आहे. पहिला दोष एका फटक्यात दुरुस्त होतो. दुसऱ्याचे मूळ शोधावे लागते. हौशी माणूस नेमका उलटा निवाडा करतो. त्याला मधोमध लागलेली एकच गोळी दिसते आणि तो कागद तो मित्रांना दाखवीत सुटतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. भाताला ते लागू पडते, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. हाताने भरलेला प्रत्येक बार मात्र निराळ्या चुलीवर शिजलेला असतो. एक गोळी मधोमध लागली तर ती बोलाफुलाची गाठ असू शकते. तीन गोळ्यांचा लहानसा पुंजकाही फसवा असतो. दहा गोळ्या झाडल्या की त्याच बंदुकीचा, त्याच बाराचा पसारा मोठा दिसू लागतो. बंदूक बिघडलेली नसते, सत्य बाहेर आलेले असते. म्हणून पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन कागद घ्यावेत, तेही वेगवेगळ्या दिवशी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दारूचे माप आणि कापड दोन्ही एकदम बदलले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि सर्वांत अवघड नियम असा की, दूर गेलेली गोळी हिशेबातून वगळू नये. ‘ही माझ्या हातून हलली’, ‘तेव्हा वारा आला’, असे म्हणून वाईट भोक सोडून देण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. हात खरोखर हलला असेल, तर ते गोळी सुटताक्षणी, कागद पाहण्याच्या आधी म्हटले पाहिजे. कागद पाहून मग सांगितलेले कारण हे कारण नसते, ती सबब असते.

मोठ्या श्वापदाच्या बाबतीत आणखी एक विचार येतो. तेथे दहावी गोळी महत्त्वाची नसते. महत्त्वाची असते ती स्वच्छ, थंड नळीतून सुटलेली पहिली, आणि तिच्या पाठोपाठची दुसरी. म्हणून कसोटीचा एक भाग असा हवा की, रोज सकाळी एकच गोळी झाडावी, नळी स्वच्छ करावी व घरी जावे. आठ-दहा दिवसांच्या या एकेका गोळ्यांचा कागद एकत्र पाहावा. रानातील प्रसंगाशी त्या कागदाचे जेवढे नाते असते, तेवढे एका दुपारी झाडलेल्या पन्नास गोळ्यांचे नसते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मचाणावर नाही, मचाणाखाली आहे. मध्य प्रांतातील शिकारीत जनावर उठविण्यासाठी हाकारा होई. हाकाऱ्याला कोरकू, गोंड, भिल्ल असे आसपासच्या पाड्यांवरचे लोक असत. हातात काठी, डबा, फार तर कुऱ्हाड. मचाणावरील साहेबाच्या बाराने दगा दिला तर जखमी वाघ मचाणावर चढत नसे. तो गवतात शिरे, आणि त्या गवताच्या वाटेवर हे लोक उभे असत. पायात किंवा जबड्यात गोळी घेऊन निसटलेला वाघ पुढे पळते जनावर मारू शकत नाही. अशांपैकी काही गुराढोरांकडे आणि क्वचित माणसांकडे वळत. कुमाऊंतील नरभक्षकांवर लिहिताना जिम कॉर्बेटने जुन्या जखमांवर जो भर दिला आहे, तो याचमुळे. गोळी ओतताना शिशात राहिलेल्या पोकळीची किंमत अशा रीतीने ती गोळी कधी न पाहिलेल्या माणसाने चुकती करावी, हा या विद्येतील खरा नैतिक प्रश्न होता. बार तपासणे ही हौस नव्हती; ते ऋण होते.

पुढे काळ बदलला. पितळी काडतुसे आली. १८८९ च्या सुमारास कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू निघाली. १८९८ च्या सुमारास तिच्यावर चालणाऱ्या दोन नळ्यांच्या जबरदस्त रायफली तयार होऊ लागल्या. या दुनळीची गंमत अशी की, तिच्या दोन नळ्या समांतर नसतात; पुढे किंचित एकमेकींकडे झुकविलेल्या असतात. गोळी नळीत असतानाच धक्का सुरू होतो आणि उजवी नळी उजवीकडे, डावी डावीकडे कलते. हे कलणे हिशेबात धरून कारागीर एका ठराविक काडतुसासाठी त्या जुळवितो. त्या काडतुसापेक्षा बार मंद असला तर गोळी नळीत जास्त वेळ राहते व दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर पडतात; बार जलद असला तर त्या वाटेत एकमेकींना ओलांडतात. म्हणजे येथे कागद नुसता चूक दाखवीत नाही, चुकीची दिशाही सांगतो. १९६० च्या दशकात या जुन्या मापांच्या काडतुसांचे कारखानी उत्पादन आवरते घेण्यात आले, तेव्हा आफ्रिकेत व अन्यत्र अशा रायफली बाळगणाऱ्यांना पुन्हा हाताने बार भरण्याकडे वळावे लागले, आणि ठासणीच्या काळची ही पारख त्यांना नव्याने शिकावी लागली.

उष्णतेचा धडा तर हिंदुस्थानानेच शिकविला. कॉर्डाइट तापले की नळीतील दाब वाढतो. विलायतेच्या थंडीत जे काडतूस निर्धोक, ते येथील कडक उन्हात तापून निघाल्यावर अडकून बसे, आणि रिकामे कवच नेमक्या नको त्या वेळी बाहेर निघत नसे. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे निराळी करावी लागली. पौषातील पहाटे पास झालेला बार वैशाखातील दुपारी पुन्हा तपासला पाहिजे, हे सूत्र त्यातून निघाले. ज्या हवेत काम करावयाचे त्याच हवेत कसोटी घ्यावयाची.

आज त्या रायफली भिंतीवर किंवा संग्रहालयात आहेत. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत बुऱ्हाणपूरच्या शेजारचा मेळघाट होता. पण हाताने भरलेला बार अरण्यातून नाहीसा झाला, असे मात्र नाही. वाट चुकून शेतात, विहिरीत किंवा वस्तीत आलेल्या वाघ-बिबट्याला बेशुद्ध करावयाचे असते, तेव्हा वनखात्याचा पशुवैद्य औषधाची सुई स्वतःच्या हाताने भरतो. जनावराचे वजन अंदाजून औषधाचे माप घ्यावयाचे; भरलेल्या सुईचे वजन आणि अंतर पाहून वायूचा दाब ठरवावयाचा. दाब कमी पडला तर सुई आधीच खाली जाते. जास्त झाला तर मऊ मांसात रुतण्याऐवजी हाड मोडते. येथेही दूर गेलेला एक नेम जनावराच्या जिवावर आणि भोवती जमलेल्या गर्दीच्या जिवावर बेततो. म्हणून शहाणा वैद्य तितक्याच वजनाची पाण्याने भरलेली सुई तितक्याच अंतरावरून गवताच्या भाऱ्यावर आधी मारून पाहतो, आणि दाबाचा आकडा वहीत लिहून ठेवतो.

फॉर्सिथ ज्या रानात वाघ मारण्यासाठी बार तपाशीत असे, त्याच रानाच्या कडेला आज वाघ जगविण्यासाठी बार तपासला जातो. हेतू पूर्णपणे पालटला आणि तो पालटला हे आपले भाग्य. रीत मात्र तीच राहिली आहे: माप एकसारखे ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, पुष्कळ वेळा पाहा, वाईट भोक लपवू नका, आणि आपल्या चुकीची किंमत कोण देणार आहे हे भरतानाच आठवा. बंदूक कधी हातात न धरलेल्या माणसालाही, मग तो औषधाची पुडी बांधणारा असो, पुलाचे काँक्रीट कालविणारा असो की जमाखर्च लिहिणारा असो, एवढे पथ्य पाळण्यासारखे आहे.